फळ्यावर प्रश्न कुणी लिहिला?

"सर, हा विषय तुमच्याकडं आला कसा?" हा माझा पहिला प्रश्न असतो, आणि त्याला पहिलं उत्तर जवळपास सगळे सारखंच देतात. अमुक साली बीएस्सी, मग एमएस्सीला विद्यापीठात, मग नेट, मग अमुक सरांकडं रजिस्ट्रेशन, मग थीसिस, मग इथं जॉइन झालो. इस्त्री केलेल्या शर्टासारखं उत्तर, कुठं एक चुणी नाही. मी गप्प बसते. चहा येतो. चहा पिता पिता मग कधीतरी ते म्हणतात, "म्हणजे तसं बघायला गेलं तर मला खरं केमिस्ट्री घ्यायची होती," आणि मी हळूच फोनवर रेकॉर्डिंग चालू आहे ना ते बघून घेते, कारण आता खरी गोष्ट सुरू होणार असते.

मी कोल्हापुरातल्या एका हायस्कूलला सायन्स शिकवते. प्राध्यापक, संशोधक, मोडी कागद वाचणारी माणसं, पावसात पठारांवर फिरून झाडांचे नमुने गोळा करणारी माणसं, अशांना सुट्टीत भेटायचं आणि तुम्ही इथवर कसे पोचलात ते विचारायचं, हे मी आधी वर्गातल्या मुलांसाठी सुरू केलं. पुस्तकात शास्त्रज्ञाची एक चौकट असते, त्यात जन्म, शोध, पुरस्कार आणि फोटो. मुलं ती पाठ करतात, पेपरात लिहितात, मार्क पण मिळतात. पण एखादं पोरगं विचारतं की बाई, ह्यांच्या डोक्यात हे आलंच कसं, आणि त्याचं उत्तर त्या चौकटीत नसतं. ते शोधायला म्हणून मी लोकांच्या दारात जायला लागले, आणि आता हे काम मुलांइतकंच माझं स्वतःचं झालंय, ते थांबवणं मला जमणार नाही.

इतक्या गप्पा ऐकल्यावर मला जे दिसलं ते आधीच सांगून टाकते. जवळपास प्रत्येकाच्या प्रवासात एक माणूस असा असतो की ज्यानं प्रश्न हातात दिला आणि स्वतः बाजूला झाला. तो गाइड असतोच असं नाही. मामा असतो, गुराखी असतो, ऑफिसातला जुना कारकून असतो, लेथवर काम करणारा मिस्त्री असतो. बायोडेटात तो नसतो, पेपरच्या शेवटी आभारात पण बहुतेक वेळा नसतो, आणि नीट विचारल्याशिवाय सांगणाऱ्याला सुद्धा तो आठवत नाही.

जयंत नारळीकरांचं उदाहरण सगळ्यांना माहीत आहे, तरी मी ते परत परत सांगते. त्यांचा जन्म १९ जुलै १९३८ चा, कोल्हापूरचा, आणि मे २०२५ मध्ये ते गेले तेव्हा आपल्याकडं सगळ्यांनी अभिमानानं "आपल्या कोल्हापूरचे" असं लिहिलं. लिहावंच. पण त्यांचं बालपण गेलं बनारसला, कारण वडील विष्णु वासुदेव नारळीकर, ते पण मूळ इथलेच, १९३२ साली मालवीयजींच्या बोलावण्यावरून हिंदू विद्यापीठात गणिताचे प्रमुख म्हणून गेलेले. आई सुमतीबाई संस्कृत जाणणाऱ्या. अशा घरात मुलगा हुशार निघाला ह्यात नवल काय, असं आपण म्हणून मोकळे होतो आणि तिथंच आपलं ऐकणं थांबतं. मला त्या घरातला फळा जास्त महत्त्वाचा वाटतो. त्यांचे एक मामा, मोरेश्वर हुजूरबाजार, एमएस्सी करायला बनारसला ह्यांच्या घरी राहायला आले. ते फळ्यावर गणिताचं एक कोडं लिहून ठेवायचे, वर लिहायचे की हे जयंतसाठी आव्हान, आणि ते कोडं सुटेपर्यंत किंवा जयंत हार मानेपर्यंत फळ्यावर तसंच राहायचं. बस इतकंच. शिकवणी नाही, मागं लागणं नाही, आज सोडवलंस का म्हणून विचारणं नाही. मुलगा येताजाता बघतोय, शाळेत जाताना डोक्यात तेच, जेवताना तेच.

हुजूरबाजार घराणं कोल्हापूरचं. दुसरे मामा वसंत शंकर हुजूरबाजार ह्यांचा जन्म पण इथलाच, १९१९ चा, ते केंब्रिजला हॅरल्ड जेफ्रीजकडं संख्याशास्त्रात काम करून आले आणि पुढं पुणे विद्यापीठात संख्याशास्त्राचा विभाग त्यांनी उभा केला. म्हणजे मोठ्या माणसांचा घरात तुटवडा नव्हता. तरी स्वतः नारळीकर आपल्या आठवणींमध्ये त्या फळ्याची आणि मोरूमामांची गोष्ट आवर्जून सांगायचे, आणि मला ते फार मोलाचं वाटतं, कारण इतकी वर्षं झाल्यावर, १९६५ ला सव्वीसाव्या वर्षी पद्मभूषण मिळाल्यावर, जगभर नाव झाल्यावर, माणूस कुणाचं नाव घेतो त्यावरून त्याचा प्रवास कळतो.

आणि पुढचा भाग बघा. मोठेपणी मुलं त्यांच्याकडं सही मागायला यायची, तेव्हा ते सही द्यायचे नाहीत. म्हणायचे, पोस्टकार्डावर एक विज्ञानातला प्रश्न लिहून पाठव, मी उत्तर पाठवीन, त्याच्याखाली माझी सही असेल. हजारो मुलांमधली किती मुलं खरंच घरी जाऊन पोस्टकार्ड आणून, विचार करून, प्रश्न लिहून पेटीत टाकत असतील? जी टाकत असतील ती त्या प्रश्नाबरोबर दोन-चार दिवस तरी राहिली असणार ना. मामानं फळ्यावर लिहिलेला प्रश्न भाच्यानं असा पुढं पाठवला, फक्त ह्या वेळी प्रश्न मुलानं शोधायचा होता.

नारळीकरांबद्दल अजून एक सांगायचंय, मग पुढं जाते. फ्रेड हॉइलबरोबर त्यांनी गुरुत्वाकर्षणाचा सिद्धांत १९६४ साली मांडला, आणि विश्व कायम स्थिर स्थितीत आहे, म्हणजे ते पसरत असलं तरी नेहमी एकसारखंच राहतं आणि त्याला सुरुवात नाही, ह्या हॉइल ह्यांच्या मताच्या बाजूनं ते उभे राहिले. १९६५ ला सूक्ष्मलहरींचं पार्श्वभूमी प्रारण, म्हणजे आकाशाच्या सगळ्या दिशांनी येणारे मंद सूक्ष्मलहरी किरण, सापडल्याचं जाहीर झालं आणि बहुतेक जग महास्फोटाच्या, म्हणजे विश्वाला एक तप्त सुरुवात होती असं म्हणणाऱ्यांच्या, बाजूला गेलं. नारळीकर गेले नाहीत. १९९३ मध्ये हॉइल आणि जेफ्री बर्बिज ह्यांच्याबरोबर त्यांनी स्थिर स्थितीचं सुधारलेलं रूप मांडलं आणि शेवटपर्यंत महास्फोटाला प्रश्न विचारत राहिले. आज बहुतेक विश्वशास्त्रज्ञ त्यांच्याशी सहमत नाहीत. पण एखाद्या अभ्यासकाशी बोलताना "तुम्ही बरोबर निघालात का" हे विचारण्यापेक्षा "एवढी वर्षं अल्पमतात कसे राहिलात, रोज सकाळी कामाला बसताना काय वाटायचं" हे विचारणं मला जास्त जवळचं वाटतं. इथल्या प्राध्यापकांना मी हा प्रश्न विचारते तेव्हा ते आधी दचकतात, आणि मग फार मोकळं बोलतात.

आता माझ्या बोटॅनीच्या सरांकडं येते. सर जिल्ह्यातल्या एका कॉलेजमधून रिटायर झाले, कंदीलपुष्प हा त्यांचा जीव की प्राण. शास्त्रीय नाव सेरोपेजिया. सह्याद्रीत ह्याच्या कितीतरी जाती अशा आहेत की ज्या दुसरीकडं कुठंच सापडत नाहीत, आणि आपल्या शिवाजी विद्यापीठाच्या बोटॅनिकल गार्डनमध्ये त्या जपून वाढवल्यात, हे कोल्हापुरातल्या लोकांनी एकदा तरी जाऊन बघायला पाहिजे. फूल विलक्षण असतं. खाली फुगीर, मध्ये बारीक नळी, वर पाकळ्यांची टोकं एकमेकांना चिकटून छोटा कंदील तयार होतो. वासाला भुलून बारीक माशी येते, नळीत घसरते, आतले केस सगळे खाली तोंड करून असतात त्यामुळं वर चढता येत नाही, खालच्या फुगीर भागात अडकते, तिथं परागांचे पुंजके तिच्या सोंडेला चिकटतात, आणि मग काही वेळानं ते केस सुकतात आणि माशी सुटते, दुसऱ्या फुलात जाऊन परत अडकायला. सर हे सांगताना हाताची नळी करून दाखवतात.

"तर सर, हे तुमच्याकडं आलं कसं?"

आधी शर्ट आला. एमएस्सी, कुकचा फ्लोरा, हर्बेरियम म्हणजे वाळवलेल्या झाडांच्या नमुन्यांचा संग्रह. थिओडोर कुकनं मुंबई इलाख्यातल्या वनस्पतींची नोंद १९०१ ते १९०८ मध्ये छापली आणि अजूनही आपल्या भागातला वनस्पतींचा अभ्यास करणारा प्रत्येक जण तिथूनच सुरुवात करतो, सर म्हणाले, मी पण तसाच केला. मी गप्प. चहा संपला. मग म्हणाले, "आमच्यात एक धनगर होता बघा, आबा म्हणायचो आम्ही. राधानगरीच्या वरच्या अंगाला मेंढरं घेऊन यायचा. पावसाळ्यात एक वेल उपटायचा आणि खालचा कंद पुसून खायाला द्यायचा आम्हाला पोरांना. खरपुडी म्हणायचा. गोड लागायचा, पाणीदार. एकदा मी विचारलं, आबा, ह्याला फूल येतंय काय? तर म्हणाला, येतंय की, पर मी कंद खातोय, फूल तू बघ."

फूल तू बघ. एवढं बोलून सर थांबले, आणि मग मला म्हणाले की मॅडम हे मी आजपर्यंत कुणालाच सांगितलं नव्हतं, मलाच आत्ता आठवलं. थीसिसमध्ये कुक आहे, गाइड आहेत, ज्या ज्या हर्बेरियमनं नमुने बघायला दिले ते सगळे आहेत. आबा नाही. त्याचं पूर्ण नाव सरांना माहीत नाही, गाव माहीत नाही. आता कळायचा मार्ग पण नाही.

गंमत म्हणजे ह्याच्या उलट गोष्ट पण आपल्याकडं आहे, जिथं प्रश्न मुलानं पाठवला आणि मोठ्या माणसानं तो मनावर घेतला. माधव गाडगीळ शाळकरी वयात पक्षी बघायचे, त्यांना दिसलं की काही वेड्या राघूंच्या शेपटीतलं लांब पीस गायब आहे, त्यांनी थेट सलीम अलींना पत्र लिहिलं, आणि सलीम अलींचं उत्तर आलं की पिसं झडतात, नवी येतात. एवढं साधं उत्तर. पण ज्याला वयाच्या तेरा-चौदाव्या वर्षी सलीम अलींचं पत्र येतं त्याचं काय होत असेल! पुढं सह्याद्रीचं पर्यावरण जपण्याबद्दलचा २०११ चा तो अहवाल ज्यांच्या नावानं ओळखला जातो ते हेच. अहवालावर लोक अजून भांडतात, आपल्या जिल्ह्यात तर जास्तच. त्या भांडणात मी इथं पडत नाही, पण त्या अहवालाच्या मागं कुठंतरी एक वेडा राघू आहे हे मुलांना सांगायला मला आवडतं.

फिजिक्सच्या सरांची गोष्ट वेगळीच आहे आणि ती फक्त कोल्हापुरात घडू शकते असं माझं मत आहे. आपलं विद्यापीठ थिन फिल्मच्या कामासाठी ओळखलं जातं, म्हणजे काचेवर एखाद्या पदार्थाचा अतिशय पातळ थर द्यायचा आणि त्याचे गुण बघायचे, सोलर सेल, सेन्सर, असल्या गोष्टींसाठी. सर मूळ गडहिंग्लजकडचे, घरी कोरडवाहू शेती, कोल्हापुरात बोर्डिंगला राहून शिकले. (इथं कुणाचाही प्रवास विचारा, बोर्डिंग येतंच. शाहू महाराजांनी १९०१ ला व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढलं, त्याच साली जैन बोर्डिंग, १९०८ ला मिस क्लार्क बोर्डिंग, आणि अशी जातीजातीची वसतिगृहं उभी राहिली म्हणून खेड्यातल्या पोराला शहरात डोकं टेकायला जागा मिळाली. त्या खोल्या नसत्या तर मी ज्यांच्याशी बोलते त्यातले निम्मेअधिक लोक मला भेटलेच नसते.) तर सरांनी पीएचडीला विषय निवडला तो कशामुळं? मला वाटलं काहीतरी मोठं कारण असेल. म्हणाले, "व्हॅक्यूमचं युनिट नव्हतं. बीकर होते."

पातळ थर द्यायचा तर महागडं व्हॅक्यूम युनिट, म्हणजे आतली हवा काढून घेणारं यंत्र, लागतं असं पुस्तकात होतं. पण केमिकल बाथ म्हणून एक पद्धत आहे, बीकरमध्ये कॅडमियमचा क्षार, अमोनिया आणि थायोयुरिया, त्यात धुतलेली काचपट्टी उभी सोडायची, बाथ गरम ठेवायचा, आणि हळूहळू काचेवर कॅडमियम सल्फाइडचा पिवळा थर धरतो. दुसरी पद्धत स्प्रेची, तापलेल्या काचेवर द्रावणाचा फवारा मारायचा, थेंब पडता पडता त्याचं विघटन होऊन थर बसतो. दोन्ही स्वस्त. दोन्ही हातानं जमवण्यासारख्या. म्हणजे ज्याला आपण नंतर संशोधनाची दिशा म्हणतो ती आधी होती खिशाची अडचण, आणि सर हे अजिबात लपवत नाहीत, उलट मुलांना मुद्दाम सांगतात.

पण स्प्रेच्या थरात डाग पडायचे. एका कडेला जाड, एका कडेला पातळ, आज एक येतोय, उद्या दुसरा. नॉझल बदलून बघितलं, हवेचा दाब बदलला, अंतर बदललं. नॉझल आणि हॉटप्लेट उद्यमनगरातून, म्हणजे कोल्हापुरातल्या कारखान्यांच्या भागातून, करून आणलेली. एक दिवस सर परत नॉझल घेऊन तिथं गेले तर मिस्त्रींनी विचारलं, "साहेब, हे फवारताय कशावर?" सरांनी सांगितलं, गरम प्लेटवर, काच ठेवून. मिस्त्री म्हणाले, "मग फवारा मारला की प्लेट गार हुतीया न्हवं? पातळ हाय ती. जाड करा की. बीडाचा ठोकळा देतो, तापायला येळ लागंल पर तापला की हलायचा न्हाई." आणि तेच होतं. थंड द्रावण पडलं की पातळ प्लेटचं तापमान खाली यायचं, हीटर परत वर आणेपर्यंत पुढचा फवारा पडलेला. जाड ठोकळ्यात उष्णता साठून राहते, तापमान डळमळत नाही. सर फिजिक्सचे एमएस्सी, विशिष्ट उष्णता आणि उष्माधारकता ह्यांच्यावर पेपर लिहून पास झालेले. मिस्त्री सातवी.

सर हे सांगताना हसले नाहीत. म्हणाले, त्या दिवशी मला कळलं की मला फिजिक्सची गणितं येतात, वस्तू येत नाही. त्यानंतर ते दर शनिवारी उद्यमनगरात जाऊन बसायला लागले, काम असो नसो. लेथ कसा चालतो, ओतकाम कसं होतं, कुठल्या धातूला काय सोसतं. आज त्यांच्या लॅबमध्ये विद्यार्थ्यांना पहिला महिना पेपर वाचायला देत नाहीत, हीटर गुंडाळायला लावतात. कोल्हापूरला ही परंपरा आहेच, १९१८ च्या सुमाराला बाबूराव पेंटरांनी परदेशी कॅमेरा बघून स्वतःचा सिनेमाचा कॅमेरा इथंच तयार केला होता, ते काय कुठल्या इंजिनिअरिंग कॉलेजात गेले होते? बघणं, उघडणं, परत जोडणं. मला वाटतं आपल्या गावात बुद्धी आणि हात ह्यांच्यामध्ये जो दरवाजा आहे तो इतर ठिकाणांपेक्षा जरा जास्त उघडा राहिलाय, आणि तो तसाच राहावा अशी माझी फार मनापासून इच्छा आहे.

शास्त्रज्ञांचंच सांगत बसले, पण ज्यांना आपण विद्वान म्हणतो त्यांच्या गप्पा मला कधी कधी त्याहून खोल वाटतात. आ. ने. उपाध्ये हे नाव आजच्या कोल्हापुरातल्या किती जणांना माहीत आहे? १९०६ चा जन्म, सदलग्याचे, आणि १९३० पासून तीस वर्षांहून जास्त काळ आपल्या राजाराम कॉलेजात अर्धमागधी ही जुनी प्राकृत भाषा शिकवली. त्यांनी संपादित केलेली 'कुवलयमाला' म्हणजे उद्द्योतनसूरीनं इ.स. ७७९ मध्ये लिहिलेला प्राकृत ग्रंथ, ज्यात बाजारात आलेल्या निरनिराळ्या प्रांतांतल्या लोकांची वर्णनं आहेत आणि आपल्या मरहट्ट्यांचं पण आहे, "दिण्णल्ले गहिल्ले", म्हणजे दिलं, घेतलं, असं बोलणारे, सोशिक पण अभिमानी आणि भांडखोर. मराठीच्या इतिहासावरच्या कुठल्याही भाषणात ही ओळ येते. पण ती ओळ आपल्यापर्यंत नीट छापून पोचावी म्हणून कुणीतरी एक जैसलमेरचं ताडपत्रावरचं आणि एक पुण्यातलं कागदावरचं अशी दोन हस्तलिखितं शब्दाशब्दाला ताडून बघत वर्षानुवर्षं बसलं होतं, १९५९ मध्ये मूळ पाठाचा भाग निघाला, आणि ते काम करणारा माणूस आपल्या गावातल्या कॉलेजात मास्तर होता. त्यांना कुणी सविस्तर विचारलं असतं की हा नाद तुम्हाला कुणी लावला, तर केवढं हाती लागलं असतं. १९७५ ला ते गेले.

म्हणून मोडी वाचणाऱ्या माझ्या मॅडमकडं मी चिकाटीनं जात राहते. मंगळवार पेठेत राहतात, डोळ्यांचं ऑपरेशन झालंय, तरी भिंग घेऊन बसतात. शिवाजी विद्यापीठ १९६२ ला निघालं तेव्हा पहिले कुलगुरू डॉ. आप्पासाहेब पवार स्वतः इतिहासाचे, त्यांनी संपादित केलेली ताराबाईकालीन कागदपत्रं विद्यापीठानं छापली, तो काळ मॅडमनी विद्यार्थिनी म्हणून बघितलाय. पण त्यांचा प्रश्न तिथून आला नाही. "अगं, कागद वाचायला मला येत होतं, आजोबांनी शिकवलेलं. पण तारीख काढता येत नव्हती. दप्तरखान्यात एक जुने कारकून होते, चष्म्याला दोरा बांधलेले. त्यांनी जुने कागद बांधलेला एक रुमाल सोडला, एक कागद माझ्या पुढ्यात ठेवला, म्हणाले, बाई, हा कधीचा ते सांगा आणि मगच दुसरा मागा. आणि गेले जेवायला."

कागदावर होतं, सन सलास सबैन मया व अलफ. शुहूर सन ही मराठेशाहीतल्या कागदांत वापरायची कालगणना, तिचे आकडे अरबी शब्दांत लिहायचे, सलास म्हणजे तीन, सबैन सत्तर, मया शंभर, अलफ हजार, म्हणजे अकराशे त्र्याहत्तर, त्यात ५९९ मिळवायचे, की आलं इसवी १७७२. पण वर्ष सुरू होतं मृग नक्षत्राला, जूनच्या पहिल्या आठवड्यात, म्हणून जानेवारी ते मे मधला कागद असेल तर ६०० मिळवायचे. मॅडमना हे काहीच माहीत नव्हतं. दोन दिवस त्या एकाच कागदापुढं बसल्या, तो कारकून रोज येऊन बघायचा आणि काही न बोलता जायचा. तिसऱ्या दिवशी कागदात पेरणीचा उल्लेख आहे हे त्यांच्या लक्षात आलं, तिथून मृग, तिथून मृगसाल, आणि तिथून सगळा हिशेब उलगडला. "त्यांनी सांगून टाकलं असतं तर पाच मिनिटांचं काम होतं," मॅडम म्हणाल्या, "पण मग मी वाचनारीच राहिले असते. अभ्यास करनारी झाले नसते." त्यांचा तो न सगळ्या ठिकाणी असाच येतो आणि रेकॉर्डिंगवर ऐकताना मला तो फार गोड वाटतो.

एका गप्पांबद्दल लिहू की नको असं मला बरेच दिवस होत होतं. ज्यांच्याबद्दल आहे त्यांनीच लिही म्हटलं म्हणून लिहिते. ओळखीच्या एका काकी, राजारामपुरीत राहतात, आता नातवंडं कॉलेजला आहेत. ऐन तारुण्यात त्यांनी झूऑलॉजीत एमएस्सी करून कोल्हापुरातल्या रंकाळा तलावाच्या पाण्यावर पीएचडी सुरू केली होती. पहाटे जायच्या, ठराविक ठिकाणी सेकी डिस्क सोडायची, म्हणजे काळी-पांढरी तबकडी दोरीला बांधून पाण्यात सोडायची आणि ती दिसेनाशी होईल तिथं दोरीवर खूण करायची, पाणी किती स्वच्छ ते कळतं. मग बाटल्या भरायच्या, मायक्रोस्कोपखाली शेवाळाच्या पेशी मोजायच्या, निळं-हिरवं शेवाळ किती, बाकीचं किती. लग्न झालं. घरच्यांचा नाही म्हणायचा स्वभाव नव्हता, पण पहाटे घराबाहेर पडायचं कारण रोज नव्यानं सांगावं लागायचं. पहिलं मूल झालं तेव्हा त्यांच्या गाइडनी सांगितलं, आता तुमच्याच्यानं होणार नाही, जागा दुसऱ्याला देतो. संपलं.

मी त्यांना माझा नेहमीचा पहिला प्रश्न विचारला तर त्या म्हणाल्या, माझा कसला प्रवास गं, मी तर सुरुच झाले नाही. मला हे अजिबात मान्य नाही. त्यांनी कपाटातून वह्या काढल्या, लाल पुठ्ठ्याच्या, प्रत्येक पानावर तारीख, वेळ, पाण्याचं तापमान, तबकडी कुठवर दिसली, आकाश कसं होतं. रंकाळ्यात आज जे काही चालतं, सांडपाणी, जलपर्णी, उन्हाळ्यात पाण्यावर धरणारी हिरवी साय, त्याच्या आधीचं पाणी कसं होतं ते त्या वह्यांत रोजच्या रोज आहे. अशी जुनी नोंद नसेल तर आज पाणी किती बिघडलं हे कशाशी ताडून सांगणार? आणि त्या अजूनही फिरायला गेल्या की पाण्याचा रंग बघतात, हिरवं आधी कुठल्या कडेला धरतं, वारा कुठून होता, घरी येऊन कॅलेंडरच्या चौकोनात लिहितात. ज्या माणसाकडून जागा काढून घेतली, पद काढून घेतलं, त्याच्याकडून प्रश्न काढून घेता आला नाही. प्रवासाला मी तरी दुसरं काय म्हणू? त्या वह्या स्कॅन करून घ्यायचं काम आम्ही सुरू केलंय, माझ्या वर्गातल्या दोन मुली दर रविवारी जातात, आणि काकी त्यांना मायक्रोस्कोप कसा लावायचा ते शिकवतात. त्या मुलींना मी काहीच सांगितलेलं नाही की पुढं काय करा.

ज्यांना असं काम करायचंय त्यांच्यासाठी थोडं सांगते, लोक मला विचारतात म्हणून. पुरस्काराबद्दल विचारू नका, ते छापून आलेलं असतं. वस्तू मागा बघायला, पहिली वही, जुनी काचपट्टी, गाइडचं पत्र, हर्बेरियमची शीट. वस्तू हातात आली की माणूस वेगळं बोलतो. कुठला विषय सोडलात ते विचारा, का सोडला तेही. बायको किंवा नवरा शेजारी बसलेला असेल तर त्यांनाही विचारा, कारण सर रात्री किती वाजता लॅबमधून यायचे आणि तेव्हा घर कुणी चालवलं हे सर सांगणार नाहीत. आणि रेकॉर्डिंगची कॉपी त्याच दिवशी दुसरीकडं ठेवा, फोनवर भरवसा नको. बाकी काही नाही, वेळ लागतो, तो द्यायचा.

गेल्या खेपेला मी बोटॅनीच्या सरांकडं मुलांना घेऊन गेले. सरांनी हाताची नळी करून माशीची सगळी गोष्ट सांगितली, आबाची पण सांगितली, आणि मुलं गप्प ऐकत होती. मग आठवीतल्या एका मुलीनं विचारलं, "सर, पण कुठली माशी?"

सर म्हणाले, बारीक माशी, दोन-तीन मिलिमीटरची.

"नाव काय तिचं?"

सरांनी चष्मा काढला. म्हणाले, बाळ, काही थोड्या जातींचं माहीत आहे, बाहेर आफ्रिकेत वगैरे लोकांनी बघितलंय, पण आपल्याकडच्या कितीतरी जातींच्या फुलात नक्की कुठली माशी येते, एकच येते का दोन-चार येतात, नर येतात का माद्या, ह्याची नीट नोंदच नाही. मी आयुष्यभर फूल बघितलं, पाकळ्या मोजल्या, कंद मोजले. माशीसाठी कुणीतरी सकाळपासून फुलापुढं बसायला पाहिजे, फूल उघडून आतली माशी काढून ती कुठली ते ओळखायला पाहिजे, आणि माश्या ओळखणं मला येत नाही, त्याला माणूस वेगळाच शोधायला लागेल. "मी फूल बघितलंय. माशी तुम्ही बघा," असं ते म्हणाले, आणि आपण आत्ता काय बोललो हे त्यांच्या स्वतःच्याच उशिरा लक्षात आलं.

आता आठवीची सहा-सात पोरं माझ्या मागं लागलीत. बोटॅनिकल गार्डनची परवानगी मागायचा अर्ज लिहून झालाय, मुख्याध्यापकांची सही बाकी आहे. कीटकांचं कुणी जाणकार भेटतंय का ते फिजिक्सचे सर बघतो म्हणालेत, त्यांचा एक जुना बोर्डिंगमधला मित्र शेतकी कॉलेजात कीटकशास्त्र शिकवायचा. फुलं येतात पावसाळ्याच्या उत्तरार्धात, ऑगस्ट-सप्टेंबरला, म्हणजे घटक चाचणी आणि गणपती दोन्ही त्यातच येणार. मुलांनी चाचणीच्या आधीचे दोन रविवार धरलेत, आणि सकाळी सातला कोण कुणाला घेऊन येणार ह्यावरून त्यांचं भांडण अजून चालू आहे.